भिंतीवरून वहीत

नाशिक जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत आता कोरी भिंत शोधावी लागते. पायऱ्यांवर पाढे, खांबांवर बाराखडी, फरशीवर अक्षरांच्या चौकटी, छताला टांगलेल्या शब्दपट्ट्या. काही वर्षांपूर्वी असं नव्हतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी वर्गातली जमीनच फळ्यासारखी वापरायला घेतली, राज्यभरातले शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले आणि जून २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाल्यावर गावोगाव रंगाचे डबे उघडले. बराचसा खर्च लोकवर्गणीतून आणि शिक्षकांच्या खिशातून झाला, हे विसरून चालणार नाही. पण कुमठ्यातली मुलं जमिनीवर बसून खडूने लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. नक्कल करताना अनेक ठिकाणी रंग तेवढा उचलला गेला. ऑइल पेंटचं अक्षर पुसता येत नाही. मूल ते चार दिवस कौतुकाने पाहतं, नंतर ते तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी उरतं.

वाचन-लेखनाच्या साधनांचा आढावा घ्यायचा तर साधनं कमी आहेत असा सूर लावण्यात अर्थ नाही. साधनं उदंड आहेत. ती मुलाच्या हातात किती पडतात आणि मुलाचं स्वतःचं बोलणं कागदावर कधी उतरतं, हिशेब याचा मांडायला हवा.

सुरुवात अक्षरांपासूनच करू, कारण खरा वाद तिथेच आहे. मराठीत व्यंजनं चौतीसच्या आसपास. त्यांना बारा खड्या लावल्या की चारशेहून जास्त अक्षरं होतात. २००९च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना घरात घेतल्यापासून तर चौदाखडी म्हणायची वेळ आली. ही चारशे अक्षरं सहा वर्षांच्या मुलापुढे कोणत्या क्रमाने मांडायची? क-ख-ग-घ हा उच्चारस्थानांचा क्रम प्राचीन उच्चारशास्त्राच्या परंपरेतला, अतिशय शास्त्रीय, आणि मुलाच्या दृष्टीने निरुपयोगी. गमभन हा हाताच्या सोयीचा क्रम: वळणं सारखी, म्हणून गिरवायला सोपी. पण वळणं सारखी असतील तर डोळ्याचा गोंधळही तितकाच होतो. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व यांत अडकलेली मुलं तिसरीतही भेटतात. तिसरी वाट अशी की आधी सगळी मुळाक्षरं संपवायची आणि काना-मात्रा नंतर. मग कमळ, बदक, गवत, नळ एवढ्यावरच भागवावं लागतं, आणि घरात कुणी बोलत नाही असल्या वाक्यांत पुस्तक बोलू लागतं.

या कोंडीतून वाट काढणारं मोठं काम फलटणला झालं. मूळच्या अमेरिकेच्या, पुढे भारतीय नागरिक झालेल्या भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी तिथे १९८४मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केलं. त्यांच्या पद्धतीचं सार असं: अक्षरांचे छोटे गट करायचे, काना-वेलांटी लवकर आणायची, आणि शब्द मुलांच्या बोलण्यातले घ्यायचे. क, म, र ही तीन अक्षरं आणि एक काना एवढ्या भांडवलावर काका, मामा, काम, राम, मार असे कितीतरी शब्द उभे राहतात. पहिल्याच आठवड्यात मुलाला ‘राम, काम कर’ वाचता येतं आणि त्यावर हसताही येतं. चारशे अक्षरांच्या वाटेवर मूल टिकतं ते या हसण्यामुळे. प्रथम संस्थेने दुसऱ्या टोकाने जाऊन अख्ख्या बाराखडीचा तक्ताच रोज मोठ्याने वाचायला लावला. मोठ्या वयाच्या, मागे पडलेल्या मुलांना त्याने झटपट गती आली. माझं मत विचाराल तर पहिलीला फलटणची वाट आणि चौथी-पाचवीतल्या अडलेल्या मुलांना तक्ता. एकच औषध सगळ्यांना देण्याची आपल्या प्रशिक्षणांची खोड मात्र जायला हवी.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे इथे नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था २००७पासून याच प्रश्नावर काम करते आहे. मराठी आणि कन्नड वर्गांतल्या साक्षरतेचा एक दीर्घ अभ्यासही झाला; त्याचं मराठी क्षेत्र हाच वाडा तालुका आणि कन्नड क्षेत्र यादगीर होतं. निष्कर्ष कुणाही अनुभवी गुरुजींना ओळखीचाच वाटेल: वर्गातला वेळ अक्षरांवर आणि नकलेवर जातो, अर्थ लावणं आणि स्वतःचं लिहिणं यांच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो.

मोजणीबद्दल थोडक्यात. २००५पासून ‘असर’च्या पाहणीत एक साधा कागद घरोघर नेला जातो. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. पाचवीतलं मूल दुसरीची गोष्ट वाचू शकत नाही, ही गोष्ट या कागदामुळे नाकारता येईनाशी झाली. ५ जुलै २०२१ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पुढे वेगही ठरवून दिला: दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०, आणि तेही समजून. यातलं ‘समजून’ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजता येत नाही, म्हणून तेच आधी गळतं.

पण नाशिक जिल्ह्यात ‘समजून’ याचा अर्थ काय, हे तालुक्यागणिक बदलतं. बागलाण, देवळा, मालेगाव, नांदगाव भागात घरची बोली अहिराणी. सुरगाणा, पेठ, कळवणच्या डोंगरात कोकणा. मालेगाव शहरात उर्दू माध्यमाच्या भरलेल्या शाळा. आणि जिल्हाभर मराठी माध्यमाच्या पहिलीत एकच पाठ्यपुस्तक. यावरची एक वाट जुनीच आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचं ‘टीचर’ हे १९६३चं पुस्तक नाशिकच्या अरुण ठाकूर यांनी मराठीत आणलं. त्या बाई मुलाला विचारत, तुला आज कुठला शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द जाड कार्डावर लिहून त्याच्याच हातात देत. दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही तर कार्ड बाद. शब्द त्याच्या जिव्हाळ्याचा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

बागलाणात हे असं दिसतं. गुरुजी विचारतात, काल काय झालं? पोरगी सांगते, ‘आमनी गाय व्यायनी.’ गुरुजी फळ्यावर तसंच्या तसं लिहितात. वर्ग अवाक होतो, कारण आपलं बोलणं फळ्यावर चढतं हे कुणाला ठाऊकच नसतं. मग त्याच्याखाली ‘आमची गाय व्याली’ येतं. दोन ओळींत कुठलं अक्षर तेच राहिलं आणि कुठलं बदललं, ते मुलं बोट ठेवून दाखवतात. आमनी-आमची, मनी-माझी अशा जोड्यांची यादी वाढत जाते आणि कागदाच्या पट्ट्यांवर उतरते. तीच पोरगी वहीत वाक्य लिहून वर गायीचं चित्र काढते. खडू, कागदाची पट्टी आणि एक वही एवढंच साहित्य लागलं. अशा वर्गात पाठ्यपुस्तक उशिरा उघडलं तरी बिघडत नाही. पहिल्याच दिवशी ‘नीट बोल’ म्हणून गप्प केलेलं मूल मात्र पुढे वर्षभर फळ्यावरचं वहीत उतरवत बसतं.

लेखनाची हेळसांड इथेच सुरू होते. अनुलेखन, शुद्धलेखन, श्रुतलेखन, मग ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध, तोही गाइडातला. यात मुलाला सांगायचं असं काही कधी येतच नाही. माधुरी पुरंदरे यांनी ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ या संचांतून सराव आणि गंमत एकत्र कशी नांदते ते दाखवून दिलं; शिक्षकांनी घरच्या पैशांनी घ्यावीत अशी ती पुस्तकं आहेत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळी या छोट्या पाड्यावरची केशव गावित यांची शाळा राज्यभर गाजली ती दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहिणाऱ्या मुलांमुळे. पाहुणे त्याचे व्हिडिओ काढतात. मला त्या शाळेतली अधिक महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की ती वर्षाचे ३६५ दिवस उघडी असते. डोंगरातल्या, घरी पुस्तक नसलेल्या मुलाला इतका वेळ अक्षरांच्या सहवासात मिळणं, ही कुठल्याही तक्त्यापेक्षा मोठी पद्धत झाली. प्रत्येक शिक्षकाकडून त्याची अपेक्षा करता येत नाही, हेही तितकंच खरं.

राहिला प्रश्न पुस्तकांचा. त्यात नाशिकला कमीपणा घ्यायचं कारण नाही. सार्वजनिक वाचनालय १८४०चं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. सुरुवातीच्या पेटीत शंभर पुस्तकं. वाचकांचा एक गट ती सांभाळणार आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी पेटीची अदलाबदल करणार. वर्गणी नाही, ग्रंथपाल नाही. पेट्या वसाहतींतून तुरुंगापर्यंत आणि दुबईपर्यंत गेल्या, मुलांसाठी वेगळ्या पेट्याही निघाल्या. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

शाळेत मात्र पुस्तक आलं की पहिल्यांदा डेडस्टॉक रजिस्टरला चढतं. फाटलं किंवा हरवलं तर जबाबदारी मुख्याध्यापकांवर. मग कपाट, कपाटाला कुलूप, आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी पुस्तकं बाहेर काढून टेबलावर मांडायची, फोटो झाला की परत आत. वाचनकोपऱ्याच्या दोरीवर लटकणारी पुस्तकंसुद्धा पुष्कळदा सहा महिन्यांनी कोरी करकरीत दिसतात. पहिलीच्या मुलांच्या हातात पुस्तक गेलं तर ते फाटणारच. त्यासाठी वर्षाला ठरावीक पुस्तकं वापरून संपली असं निर्लेखन करायची मुभा शाळेला द्यावी. तेवढ्या एका परिपत्रकाने रंगाच्या डब्यांपेक्षा जास्त काम होईल.

पुस्तकं फिरती असावीत याला आणखी एक कारण आहे. पावसाळा सरला की सुरगाणा, पेठकडची माणसं द्राक्षबागांच्या छाटणीसाठी दिंडोरी, निफाडच्या वाटेला लागतात. मुलं बरोबर जातात, बागेच्या कडेच्या पालात राहतात, आणि नुकतं जुळू लागलेलं वाचन तिथे मोडतं. हजेरीपटावर त्यांची नावं असतात, जवळच्या शाळेत त्यांना बसवून घ्यावं अशी सूचनाही असते. पंचवीस पुस्तकं, पाट्या आणि कोऱ्या वह्या असलेली एक पेटी त्यांच्याबरोबर मुकादमाच्या टेम्पोत सहज मावेल, आणि टोळीतली सातवी-आठवी झालेली मुलगी ती सांभाळेल. प्रश्न एवढाच की ती रजिस्टरला कुठल्या शाळेच्या नावावर चढवायची, गावच्या की निफाडच्या.