जकात कुणाला द्यायची? निर्णय घेण्याची फौजी रीत

फौजेत कोणताही निर्णय घेण्याआधी आम्हाला ‘अप्रिसिएशन’ करायला शिकवतात. उद्दिष्ट काय, परिस्थिती काय, मार्ग किती आणि त्यातला कोणता निवडायचा, असा तो क्रम. आमच्या रायपुरात रमजानमध्ये माझे मुस्लिम मित्र जकातीचा हिशोब मांडतात, तेव्हा हीच रीत कामाला येते. कशी, ते आज पाहू.

जकात किती द्यायची, हा निर्णय आपल्याकडे नसतोच. तो धर्माने ठरवून दिला आहे. ठरावीक मर्यादेहून, म्हणजे निसाबहून, जास्त संपत्ती चांद्र वर्षभर राहिली की तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के द्यायचा. आपल्याकडे निसाब साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा धरतात. ग्रॅममध्ये 87.48 आणि 612.36. देणी वजा जाता आठ लाख उरले, तर जकात वीस हजार. इथवर साधं गणित आहे.

कुणाला द्यायची, हा खरा प्रश्न. कुराणातल्या सूरा तौबाच्या 60व्या आयतीत आठ प्रकारचे हकदार सांगितले आहेत. त्यांत गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत, वाटेत अडकलेले प्रवासीही आहेत. आई-वडील, मुलं, पती-पत्नी यांना आपली जकात देता येत नाही. गरजू भाऊ-बहिणीला मात्र देता येते. ही झाली पहिली चाळणी. इथे गुण द्यायचे नाहीत. पात्र की अपात्र, एवढंच बघायचं.

आता समजा, तीन पात्र माणसं आहेत. नावं लिहू नका; अ, ब, क म्हणा. गरिबाची अब्रू कागदावर मांडायची नसते. ‘अ’ शिवणकाम करणारी विधवा. सहा महिन्यांचं भाडं थकलंय, पण ती मागत नाही. ‘ब’ सावकाराच्या कर्जातला ई-रिक्षावाला. ‘क’ दरवर्षी दारी येणारा. त्याला इतर घरांतूनही मिळतं.

निकडीला 5, मदतीच्या परिणामाला 3 आणि दुसरा आधार नसण्याला 2 असं वजन द्या. प्रत्येकाला पाचपैकी गुण द्या. अ: 5, 3, 5. ब: 3, 5, 3. क: 2, 1, 1. वजनाने गुणून बेरीज केली की येतात 44, 36 आणि 15.

इथे थांबू नका. निकड आणि परिणाम यांची वजनं उलटी करून पाहा. आता अ आणि ब दोघांचे 40, क चे 13. म्हणजे क मागेच राहतो, हे पक्कं. अ आणि ब यांच्यात निवड करणं हे आकड्याचं काम नाही, तुमच्या विवेकाचं आहे. भाड्याचे बारा हजार अ ला आणि उरलेले आठ हजार ब च्या कर्जात, असंही करता येईल.

पण ‘अ’ यादीत आलीच नसती, तर? संकोचामुळे न मागणारे लोक अजाण माणसाला सुखवस्तू वाटतात, हे कुराणातही (2:273) सांगितलं आहे. दारी येतो तो दिसतो, न येणारा राहून जातो. म्हणून टेहळणी आधी, तक्ता नंतर. रमजानच्या महिनाभर आधी वस्तीतल्या शिक्षकाला, किराणावाल्याला विचारा. उधारी कुणाची थकली आहे, हे त्याला ठाऊक असतं.

तक्ता चुकला तर दुरुस्त करता येतो. यादीत नसलेल्या माणसाला मात्र तक्ता शोधून काढत नाही. ते काम आपलं. भेटू पुढच्या भागात.