जुन्या कॅम्परच्या इंधनयंत्रणेची निगा

वाहन आणि घर यांचा संगम म्हणजे कॅम्पर व्हॅन. जर्मनीतील वुल्फ्सबुर्ग येथे १९५० साली फोक्सवॅगनच्या 'टाइप २' व्हॅनचे उत्पादन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बिछाना व कपाटे बसवून प्रवासी घरकुल उभे केले. १९६७ ते १९७९ या काळातील दुसऱ्या पिढीच्या अनेक गाड्या युरोपच्या रस्त्यांवर आजही धावताना दिसतात. हौसेने जपलेल्या या गाड्यांना सर्वांत मोठे भय असते ते आगीचे, आणि तिचे मूळ बहुधा एखाद्या जीर्ण रबरी नळीत दडलेले असते.

याचे कारण गाडीच्या रचनेत आहे. इंजिन मागच्या बाजूस असून पेट्रोलची टाकी त्याला लागूनच बसवलेली असते. नळीतून गळलेले पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले, तर ठिणगीला निमित्त लागत नाही. त्यातच यातील अनेक इंजिनांचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. हा धातू एकदा पेटला की विझवणे अत्यंत कठीण जाते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खाली साचते आणि त्याच गाडीत गॅसची शेगडीही असते. म्हणून पेट्रोलचा वास आल्यास इंजिन व शेगडी ताबडतोब बंद करावी. 'जुन्या गाडीला वास यायचाच' ही समजूत घातक आहे.

अलीकडे या प्रश्नात इथेनॉलची भर पडली आहे. दहा टक्के इथेनॉल असलेले 'ई-१०' पेट्रोल जर्मनीत २०११ साली आणि ब्रिटनमध्ये २०२१ साली आले. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते, मऊ पडते वा त्याला चिरा जातात. ते हवेतील ओलावाही शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर तयार होतो. त्यातून धातू गंजतो आणि तो गंज फिल्टरमध्ये अडकतो. सपाट रस्त्यावर ठीक चालणारी गाडी चढावर दम तोडू लागली, तर फिल्टर तुंबल्याची शंका घ्यावी.

देखभालीचे नियम साधे आहेत. नळी घेताना तिच्यावर 'एसएई जे३० आर९' हे मानक छापलेले पाहावे. हा प्रकार इथेनॉलला तोंड देतो. टाकीच्या तोंडाची आणि वाफ बाहेर नेणारी नळी सहसा दृष्टीआड राहते. इंजिन उतरवले जाईल तेव्हा त्याही बदलून घ्याव्यात. पंप व कार्ब्युरेटर यांच्यामध्ये लोंबता फिल्टर बसवू नये, कारण त्याच्या भाराने व हादऱ्यांनी कार्ब्युरेटरमधील पितळी नळी निसटू शकते. फिल्टर इंजिनाच्या कप्प्याबाहेर असणे श्रेयस्कर. पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. म्हणून ऑइलची पातळी अकारण वाढली किंवा त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवू नये. कामाला हात घालण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची जोडणी काढावी आणि अग्निशामक जवळ ठेवावा.

हा विषय आपल्यापासूनही दूर नाही. भारतात २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र पोहोचले असून, त्यातील इथेनॉलचा काही वाटा महाराष्ट्राच्या उसातून येतो. १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनच्या जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्या हौसेने जपणाऱ्यांनाही रबरी नळ्यांची हीच पथ्ये लागू पडतात. चार वीत रबराची किंमत गाडीच्या मानाने नगण्य असते. पण मागे मुले झोपलेली असताना त्या नळीवर किती भार असतो, याचा हिशेब प्रवासाला निघण्यापूर्वीच केलेला बरा.