अभ्यासक्रम बदलतो तेव्हा

‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास’ ही म्हण आमच्या भागात जरा जास्तच लागू पडते. गावाच्या नावात उल्हास, शेजारून वाहणारी नदीही उल्हास. आणि फाल्गुन म्हणजे आम्हा हिशेबनिसांचा मार्चअखेर. त्या दिवसांत उल्हासनगरच्या कॅम्पातल्या माझ्या ऑफिसात टेबल दिसत नाही, फक्त फायली दिसतात.

२०२४ च्या मार्चमधली अशीच एक संध्याकाळ. ऑफिसात अर्धा दिवस काम करणारी बदलापूरची एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. तिचे वडील आणि मी एके काळी अंबरनाथला एकाच चाळीत राहत होतो. त्यामुळे ती मला ‘सर’ म्हणत नाही, ‘काका’ म्हणते. म्हणाली, “काका, मी सीए सोडते. सगळा अभ्यास वाया गेला.”

वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी करणारे. क्लासची फी हप्त्याहप्त्याने भरलेली. धाकटा भाऊ बारावीला. घरात ‘अजून एक वर्ष’ हे शब्द उच्चारायचे कसे, हा तिचा खरा प्रश्न होता. तिच्यासारखी पुष्कळ मुले आज आपल्या घराघरांत आहेत, म्हणून तिची ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. सनदी लेखापालांची आपली संस्था, म्हणजे इन्स्टिट्यूट, १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली. योगायोग असा, की निर्वासितांच्या कल्याण कॅम्पाला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले तेही त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये. तेव्हापासून गाव जसे बदलत गेले, तशी परीक्षाही बदलत गेली. पहिल्या पायरीचेच पाहा. पूर्वी तिला फाउंडेशन म्हणत. २००१ मध्ये ती पीई-वन झाली, २००६ मध्ये सीपीटी झाली आणि २०१७ मध्ये पुन्हा फाउंडेशन झाली. म्हणजे बदल हा काही अपवाद नव्हे. या वाटेवर चालणाऱ्याला तो एकदा तरी भेटतोच.

अलीकडचा मोठा बदल १ जुलै २०२३ पासून लागू झाला. इंटरमिजिएट आणि फायनल या दोन्ही परीक्षांचे आठाचे सहा पेपर झाले. आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षे झाली, पण ती इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच सुरू करता येते. दोन्ही परीक्षांत तीस टक्के गुण पर्यायी प्रश्नांना आले. जुन्या पद्धतीची शेवटची इंटर नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली आणि मे २०२४ पासून नवी पद्धत सुरू झाली.

आमची ही मुलगी नेमकी त्या शेवटच्या परीक्षेला बसली होती. पहिला ग्रुप गेला. या परीक्षेत प्रत्येक पेपरात चाळीस गुण लागतात आणि ग्रुपची सरासरी पन्नास टक्के लागते. तिची सरासरी थोडक्यात हुकली. मात्र कॉस्टिंगमध्ये साठाच्या वर गुण होते. साठ मिळाले की त्या पेपरातून सूट मिळते आणि ती पुढच्या तीन परीक्षांपर्यंत चालते. तिचा हिशेब सरळ होता. पहिल्या ग्रुपचे चार पेपर, त्यातला एक सुटलेला, तीन द्यायचे. आणि आता नव्या अभ्यासक्रमात कॉस्टिंग पहिल्या ग्रुपातून उचलून दुसऱ्या ग्रुपात गेले होते! त्याच्या जागी ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग पहिल्या ग्रुपात आले होते, आणि तो विषय तिने अजून उघडलाही नव्हता. हातची सूट पहिल्या ग्रुपाला काही उपयोगाची राहिली नाही, एवढेच तिला दिसत होते.

मी तिला म्हटले, “बस. चहा घे. आपण दुकानदाराचा हिशेब घेतो तसा तुझा हिशेब घेऊ.”

एक वही घेतली आणि पानावर चार रकाने आखले. पहिला ‘तसेच राहिले’, दुसरा ‘जागा बदलली’, तिसरा ‘वगळले’, चौथा ‘नवे आले’. जुना आणि नवा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून ती एकेक विषय वाचत गेली आणि लिहीत गेली. कायदा आणि टॅक्स पहिल्या रकान्यात गेले. कॉस्टिंग दुसऱ्यात. इंटरचे एन्टरप्राइज इन्फर्मेशन सिस्टीम्स आणि अर्थशास्त्राचा भाग तिसऱ्यात. तिला सर्वांत भीती होती ती चौथ्या रकान्याची. तासाभराने पाहिले तर तोच रकाना सर्वांत छोटा होता.

मग विचारले, “जुन्या पद्धतीत तुझे किती पेपर उरले होते?” ती म्हणाली, “पहिल्या ग्रुपचे तीन, दुसऱ्याचे चार. सात.” “आणि आता?” तिने बोटे मोजली. पहिल्या ग्रुपचे तीन. दुसऱ्या ग्रुपचे तीन, पण त्यातले कॉस्टिंग सुटलेले, म्हणून दोन. एकूण पाच. सातावरून पाचावर आलेली मुलगी माझ्यासमोर ‘सगळे वाया गेले’ म्हणून रडत होती.

यात तिचा दोष नाही. बदल झाला की आपल्याला आधी गेलेले दिसते. राहिलेले आणि मिळालेले दिसायला कागदावर मांडावे लागते. म्हणून माझी पहिली सूचना हीच. अभ्यासक्रम बदलल्याची बातमी आली की त्या रात्री नवी पुस्तके घ्यायला धावू नका, क्लासही बदलू नका. आधी चार रकाने भरा.

दुसरी गोष्ट तारखांची. त्याच सुमारास इंटरची परीक्षा वर्षातून दोनदाऐवजी तीनदा घेण्याचे ठरले. मुलांना आनंद झाला, संधी वाढली. पण हिशेबनिसाने नाण्याची दुसरी बाजू पाहायला हवी. सूट तीन परीक्षांपर्यंत चालते. परीक्षा वर्षातून दोनदा असताना तीन परीक्षा म्हणजे दीड वर्ष. आता मे २०२४, सप्टेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मिळून तीन झाल्या, म्हणजे अवघे आठ-नऊ महिने. तिची कॉस्टिंगची सूट जानेवारीत संपणार होती. मग पहिला ग्रुप आधी, हा हट्ट कशाला? फॉर्म तिने दोन्ही ग्रुपचा भरला होता. आम्ही ठरवले, मेमध्ये सारा जोर दुसऱ्या ग्रुपच्या दोन पेपरांवर आणि सप्टेंबरमध्ये पहिला ग्रुप. क्रम उलटा केला तेव्हा कुठे योजना सरळ झाली.

तिसरी गोष्ट, बाजारातला कायदा आणि परीक्षेतला कायदा एकच असतो असे नाही. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. इथल्या फर्निचर मार्केटमधले व्यापारी रोज ऑफिसात येऊन नव्या कराबद्दल विचारत होते. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माझी आर्टिकल मुले परीक्षेला बसली ती जुन्या अप्रत्यक्ष करांवर. जीएसटी पेपरात आला मे २०१८ पासून. दिवसा नवा कायदा सांगायचा आणि रात्री जुना पाठ करायचा! आता प्राप्तिकराचेही तसेच आहे. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्याची अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. आठशेच्या वर कलमांची ५३६ झाली, ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आला. पण त्याआधीच्या वर्षांचे काम जुन्याच कायद्याने पुरे करायचे. तेव्हा तुमच्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या, हे इन्स्टिट्यूटच्या सूचनेतच पाहा. लोकलमधल्या मित्राचे ऐकून ठरवू नका, आणि माझेही ऐकू नका!

चौथी गोष्ट अभ्यासाच्या क्रमाची. जे बदलत नाही ते आधी करा, जे बदलते ते शेवटी. कीर्द-खतावणीचे तत्त्व बदलत नाही. कॉस्टिंगमधली खर्चाची विभागणी, ऑडिटमधली पुरावा तपासण्याची रीत यांचा गाभा टिकतो. बदलतात ते दर, मर्यादा, कलमांचे क्रमांक. शेअर्सवरच्या दीर्घकालीन नफ्याचा दर २३ जुलै २०२४ ला वर्षाच्या मध्येच दहाचा साडेबारा टक्के झाला. असा आकडा सहा महिने आधी पाठ केला तर तो डोक्यात घर करून बसतो आणि पेपरात बरोबर चुकीच्या वेळी बाहेर येतो. कोरी पाटी परवडते. जुने पुसणे फार अवघड. म्हणून आकड्यांसाठी शेवटचे तीन-चार आठवडे ठेवा. इन्स्टिट्यूटची दुरुस्तीपत्रके आणि रिव्हिजन टेस्ट पेपर तोवर आलेले असतात, आणि ते फुकट मिळतात. थोरल्या भावंडांच्या जुन्या नोट्स जरूर वापरा, पण गाभ्यासाठी. आकड्यांसाठी नव्हे.

पाचवी गोष्ट आपल्याकडच्या लोकलची. बदलापूर-अंबरनाथच्या मुलांचा दिवसातला मोठा तुकडा गाडीत जातो. उभ्याने प्रवास करताना लिहिता येत नाही. पण पर्यायी प्रश्न सोडवता येतात. तीस टक्के गुण आता त्यांचेच आहेत. गाडीत ते करावेत आणि घरची किंवा वाचनालयातली बैठक पूर्ण लेखी उत्तरांसाठी राखावी. आणि आठवड्यातला एक दिवस वेळापत्रकात कोरा सोडावा. मेगाब्लॉक, पाहुणे, ताप, शिवाय नवी सूचना, हे सगळे त्या दिवशी मावते. त्या मेमध्येच पाहा ना, लोकसभा निवडणुकीमुळे परीक्षेच्या तारखा बदलल्या. ज्यांनी दिवसन् दिवस घट्ट बांधला होता, त्यांची घडी विस्कटली. हिच्या वहीत सहा रविवार कोरे होते, त्यांनी तारले.

निकाल? मे २०२४ मध्ये दुसरा ग्रुप सुटला. सप्टेंबरमध्ये पहिला ग्रुप पुन्हा थोडक्यात गेला. योजना चांगली असली म्हणजे यश हमखास, असे मी सांगणार नाही. त्या रात्री मात्र तिने मला फोन करून ‘सोडते’ म्हटले नाही. म्हणाली, “काका, ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगला एकोणचाळीस आहेत. रकाना चौथा.” म्हणजे कुठे कमी पडलो हे तिला ठाऊक होते. जानेवारी २०२५ च्या परीक्षेत तोही ग्रुप सुटला. आता ती माझ्याकडेच आर्टिकल आहे.

आईवडिलांना एक विनंती. मूल ‘अभ्यासक्रम बदलला’ म्हणते तेव्हा ती सबब आहे असे लगेच मानू नका. ‘म्हणजे नक्की काय बदलले?’ एवढे विचारा आणि वही घेऊन शेजारी बसा. विषय आपल्याला कळला नाही तरी चालतो. सांगता सांगता त्याचे त्यालाच कळते.

परवा नव्या प्राप्तिकर कायद्याची प्रत ऑफिसात आली. मी चष्मा शोधत होतो, तोवर माझ्या आर्टिकलने वही उघडली होती. पानावर चार रकाने आखलेले होते. मला म्हणाली, “काका, बसा. चहा घ्या. तुमचा हिशेब घेऊ या.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)