सायकलवरचे ‘पहिले रॉकेट’ नक्की कधीचे?

सायकलवरून रॉकेटचे टोक नेतानाचा फोटो ‘भारताचे पहिले रॉकेट’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरत असतो. प्रत्यक्षात केरळमधील थुंबा येथून पहिले रॉकेट, अमेरिकी बनावटीचे नाइकी-अपाचे, उडाले २१ नोव्हेंबर १९६३ रोजी. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी टिपलेला हा फोटो १९६६ चा आहे. जगप्रसिद्ध छायाचित्रकाराच्या फोटोची ही गत, तर घरातल्या फोटोंचे काय?

थुंबाची जागा निवडण्यात सहभागी असलेले एकनाथ चिटणीस आणि रॉकेटच्या घन इंधनाचे तज्ज्ञ वसंत गोवारीकर दोघेही उतारवयात पुण्यातच राहिले. त्या पिढीत अशा कामावर गेलेल्या कुणाचे फोटो, डायऱ्या शहरात कुठेही असू शकतात. कसबा पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला, की माळ्यावरची ट्रंक मात्र आधी रद्दीवाल्याकडे जाते.

ट्रंक उघडल्यावर काय करावे?

आधी फोटोची मागची बाजू पाहा. खरी माहिती तिथेच असते. काहीच लिहिलेले नसेल तर घरातल्या ज्येष्ठांना विचारून तारीख, ठिकाण, नावे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. दोन्ही बाजू स्कॅन करा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी नकोच. आम्लरहित कागदाचे पाकीट आणि पावसाळ्यातही कोरडे राहणारे कपाट पुरते. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर फिल्म खराब होऊ लागली आहे. ती इतरांपासून वेगळी ठेवा आणि सर्वांत आधी स्कॅन करा.