मुसळ रोजच उभं राहतं!

सूर्यग्रहण लागलं की परातीतल्या मुसळाचा व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. परातीत पाणी, मधोमध आधाराशिवाय उभं मुसळ आणि खाली ओळ: ‘ग्रहण सुटलं की आपोआप पडेल.’ मुसळ जड असतं, बूड सपाट असतं. तोल साधून ठेवलं तर ते कुठल्याही मंगळवारी उभं राहतं आणि धक्का लागेपर्यंत पडत नाही. ग्रहणाची वाट कशाला बघायची, आजच करून पाहा!

ग्रहणाचा सगळ्यात जास्त जाच होतो तो गर्भवतींना. विळी नको, सुरी नको, सुई-दोरा नको, बाहेर डोकावणं नको. का, तर काही चिरलं की बाळाचा ओठ फाटतो म्हणे. आता गंमत ऐका. बाळाचा ओठ तयार होतो गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळत असतं, काहींना तेही नाही. म्हणजे सातव्या महिन्यात चिरलेल्या भेंडीचा त्या ओठाशी काडीचा संबंध नाही. अशीच भीती थेट मेक्सिकोतही आहे. तिथल्या गर्भवती पोटाजवळ सेफ्टी पिन लावतात, लाल कपडा घालतात. 21 जून 2020 च्या ग्रहणात सांगली जिल्ह्यातल्या एका गर्भवतीने मात्र भाजी चिरली, खाल्लं-प्यायलं आणि चष्मा लावून ग्रहणही पाहिलं. मला ती फार मोठी वाटते. आठव्या महिन्यातल्या बाईला घोटभर पाण्यावाचून तासन्‌तास कोंडून ठेवण्यात कसलं आलंय पुण्य?

शास्त्राचाच दाखला हवा असेल तर पंचांग नीट वाचावं. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर, म्हणजे बारा तास आधी लागतात. पण बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना त्यातही सवलत दिलेली असते. शिवाय जे ग्रहण आपल्याकडे दिसत नाही, ते पाळायचंच नसतं. तरी 8 एप्रिल 2024 चं अमेरिकेतलं ग्रहण, जे लागलं तेव्हा आपल्याकडे रात्र होती, त्यावरून ‘उद्या गुढी उभारायची ना?’ असं मला विचारणारे भेटले. ग्रहणाची वेळ मिनिटामिनिटाने छापून येते ती गणितातून. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहून हे गणित इतकं सोपं केलं की पुढे कित्येक पिढ्यांच्या पंचांगकर्त्यांचं काम त्यावर चाललं. आणि ग्रहण म्हणजे सावली, हे आर्यभटाने त्याच्याही हजार वर्षं आधी सांगून ठेवलं होतं.

शिकलेल्यांच्याही दंतकथा असतात बरं! ‘18 ऑगस्ट 1868 ला लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला’ हे वाक्य आपण अभिमानाने पुढे ढकलतो. त्या दिवशी हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर इंग्लंडात होता. ग्रहण पाहत होता तो फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, आणि तोही गुंटूरला. मग विजयदुर्ग आला कुठून? लॉकियर तिथे खरोखर आला होता, पण तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दुर्बिणी घेऊन पोचले होते. खरी गोष्ट काय कमी झकास आहे?

भीती किती खोल होती ते पाहायचं तर 16 फेब्रुवारी 1980 चं ग्रहण आठवा. खग्रास पट्टा कारवारच्या बाजूने शिरून ओडिशाकडे गेला. मुंबईत ग्रहण खंडग्रास होतं, पण रस्ते ओस पडले आणि दूरदर्शनने त्या दुपारी सिनेमा लावला. ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ही आरोळीही तेव्हा अनेक गावांत ऐकू यायची.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 26 डिसेंबर 2019 ला कर्नाटकात कलबुर्गीजवळ अपंग मुलांना बरं करायचं म्हणून ग्रहणकाळात गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवलं होतं. मुलं रडत होती, आईबाप शेजारी उभे होते. उपचार हाताशी नसले की माणूस आशेपोटी काय करील सांगता येत नाही. त्या आईबापांचा मला राग येत नाही, वाईट वाटतं.

भ्यायचंच असेल तर एकाच गोष्टीला भ्यावं: उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघणं. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे तो भाजतो तेव्हा पत्ताच लागत नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, परातीतल्या पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीच सुरक्षित नाही. खास ग्रहणचष्मा किंवा चौदा नंबरची वेल्डिंगची काच चालते. नाहीतर सूर्याकडे पाठ करा आणि स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरा. जमिनीवर प्रत्येक भोकाची एक चंद्रकोर उमटते. झाडाखालीही तेच. पानांच्या फटींतून पडलेले उन्हाचे गोल कवडसे एकाएकी शेकडो कोरी होऊन हलायला लागतात. अंगण असं नटलेलं असताना खिडक्या लावून बसणाऱ्यांसाठी जीव हळहळतो.

पुढची मोठी संधी 2 ऑगस्ट 2027. त्या दिवशी इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त काळ खग्रास स्थिती असेल, आणि महाराष्ट्रातून दुपार उतरताना पश्चिमेला खंडग्रास दिसेल. आषाढी अमावास्या, त्यात सोमवार! फॉरवर्डांचा पूर येणार हे नक्की, ढगही असणार. पण आभाळ तासभर जरी उघडलं, तरी चाळणी घेऊन गच्चीवर जा आणि शेजारच्या पोरांनाही हाका मारा.