सुईची एक खाच

मेन जेटवरचा भाग झाल्यापासून डोंबिवलीत जो भेटतो तो एकच विचारतो, "कितीचा जेट टाकू?" मी उलटा प्रश्न विचारतो : दादा, पूर्ण मूठ शेवटची कधी पिळली होतीस? मानपाडा रोडला? शिळफाट्याला? घोडबंदरला मेट्रोच्या पत्र्यांमधून? आठवत नाही ना. मग मेन जेटचं काय घेऊन बसलायस! तो पाऊण मुठीच्या वर कामाला लागतो. आपल्याकडची गाडी सगळा जन्म पाव ते पाऊण मुठीत काढते, आणि तिथे राज्य असतं सुईचं. जेट नीडल. आजचा भाग तिच्यावर.

माझी गाडी आरएक्स 100. 98 सीसी, टू-स्ट्रोक, मिकुनीचा व्हीएम 20 कार्बोरेटर. 1996 नंतर ही गाडी बनलीच नाही, त्यामुळे ब्लॉक जपून वापरावा लागतो. हे आधी सांगतोय कारण पुढची चूक माझी स्वतःची आहे. एका मे महिन्यात मायलेजच्या नादाने मी सुई एक खाच खाली उतरवली. गाडी छान चालली, धूर कमी झाला, मी खूश. डिसेंबरात पहाटे मित्रांबरोबर माळशेजला निघालो. मुरबाड गेलं, सरळगावच्या अलीकडे सपाट रस्ता, अर्धी मूठ, एका लयीत गाडी चाललेली. आवाज जरा कोरडा झाला, बारीक किणकिण आली आणि मागचं चाक लॉक. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. इंजिन पकडलं होतं. पिस्टनवर उभ्या ओरखड्यांची रांग. लेथवाल्याने ब्लॉक हातात फिरवून बघितला आणि म्हणाला, "भाऊ, आता हा शेवटचा बोअर. यानंतर ब्लॉक शोधायला लागा."

आता हे का झालं, ते समजून घेऊ.

मूठ पिळली की केबल कार्बोरेटरमधली स्लाइड वर उचलते. स्लाइडच्या पोटात सुई लटकलेली असते आणि तिचं खालचं निमुळतं टोक एका पितळी नळीत, म्हणजे नीडल जेटमध्ये, खालीवर होतं. सुई आणि नळी यांच्या मधल्या कड्याएवढ्या फटीतून पेट्रोल येतं. सुई वर गेली की त्या जागी तिचा बारीक भाग येतो, फट वाढते, पेट्रोल वाढतं. एवढंच.

पण ही फट किती नाजूक आहे बघा. उदाहरण म्हणून नळीचं भोक 2.60 मिलिमीटर धरा आणि सुई त्या जागी 2.50. आता सुई 2.48 करा. फरक दोन शतांश मिलिमीटर, केसापेक्षाही कितीतरी कमी. फटीचं क्षेत्रफळ मात्र जवळजवळ 20 टक्क्यांनी वाढतं. वही घेऊन दोन वर्तुळांची वजाबाकी करून बघा, मी दोनदा केली कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. म्हणूनच "नीडल झिजलीय, नवीन टाकली" एवढ्यावर भागत नाही. सुई नळीला घासत असते, त्यामुळे नळीचं भोकही झिजून लांबट होतं. जोडी बदलायची तर दोन्ही बदला. फक्त सुई बदलून नंतर मी महिनाभर कारण शोधत बसलो होतो, ते वेगळंच.

सुईच्या डोक्याकडे खाचा असतात, साधारण पाच, आणि एकीत लॉक बसतं. लॉक खालच्या खाचेत गेलं की सुई वर जाते, म्हणजे पेट्रोल जास्त. लॉक वरच्या खाचेत, सुई खाली, पेट्रोल कमी. इथे भले भले उलटं करतात. घाईत मीही केलंय.

मग डिसेंबरात काय झालं? थंड हवा दाट असते. तेवढ्याच मुठीत जास्त हवा आत जाते, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. मेच्या उकाड्यात जे सेटिंग कसंबसं काठावर होतं, ते डिसेंबरच्या पहाटे काठाच्या पलीकडे गेलं. टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी पडलं की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. घाट चढल्यावर हवा विरळ होते आणि हिशेब उलटा फिरतो, पण मी घाटापर्यंत पोचलोच नाही.

यात पेट्रोलही बदललंय. शुद्ध पेट्रोलचा एक ग्रॅम जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला 9. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2023 पासून पंपांवर यायला लागलं. त्याचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त हवं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे बऱ्यापैकी सांभाळून घेतो. कार्बोरेटरला काय कळतंय? तो जुन्याच मापाने ओततो. जुनी खाच "कंपनी सेटिंग" होती म्हणून ती आजही बरोबर असेल, हे गृहीत धरू नका.

नवीन बोअर झाला, रनिंग-इन संपलं, आणि मग मी नीट पारखायला बसलो. आधी एअर फिल्टर साफ, कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर नाही ना ते बघितलं. तिथून हवा खेचली जात असेल तर सुईशी खेळणं फुकट. मग मुठीवर आणि तिच्या शेजारच्या घरावर पांढरी टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. आपल्याला वाटतं अर्धी मूठ आहे. टेप लावल्यावर कळतं की ती पावच होती.

चाचणीचा रस्ता एकच ठेवायचा. माझा रविवारी सकाळी सहाचा : शहाडचा पूल उतरून वरप, कांबा, रायत्यापर्यंत. इंजिन पूर्ण गरम, ठरलेल्या खुणेवर मूठ धरून थोडं अंतर जायचं, मग मूठ तशीच ठेवून चावी बंद आणि त्याच क्षणी क्लच. मागे कोणी नाही हे बघून, बरं का. गाडी कडेला लावून प्लग काढायचा. बिस्किटासारखा तपकिरी, ठीक. पांढराफटक, पेट्रोल कमी. काळा आणि तेलकट, जास्त. प्लग नवा घ्या, जुन्यावर जुनंच वाचाल. आणि एका वेळी एकच बदल. वहीत खाच, खूण, प्लगचा रंग, हवा थंड होती की दमट, सगळं लिहायचं.

माझ्या वहीत चमत्कारिक गोष्ट दिसली. मधल्या खाचेत पाव मुठीला प्लग छान, अर्ध्या मुठीला फिकट. एक खाच वाढवली तर अर्धी मूठ सुधारली, पण पाव मुठीत गाडी बडबडायला लागली, सिग्नलवरून उठताना धूर. म्हणजे खाच हे उत्तर नव्हतंच. खाच बदलल्याने अख्खी सुई वर किंवा खाली जाते. मला हवी होती अशी सुई, जी पावला तशीच राहील आणि पुढे लवकर निमुळती होईल.

बाजारातून आणलेल्या सुईवर कसलाही कोड नव्हता. मायक्रोमीटरवर मापली तर मूळच्यापेक्षा मधोमध जाड निघाली, दोन-तीन शतांशाने. वरचं गणित आठवा. मिकुनीच्या सुईवर मात्र कोड वाचता येतो : पहिला आकडा लांबीचा, 4 म्हणजे 40 ते 50 मिलिमीटर, 5 म्हणजे 50 ते 60. पुढची इंग्रजी अक्षरं उताराची. ए म्हणजे पाव अंश, बी अर्धा, सी पाऊण, असं प्रत्येक अक्षराला पाव अंश वाढतो. अक्षरं दोन असली तर पहिलं वरच्या उताराचं, दुसरं खालच्या. ओळखीच्या मेकॅनिकच्या डब्यातल्या जुन्या सुया मापून त्यातल्या दोन निवडल्या. पहिलीने पाऊण मुठीला गाडी गुदमरली. दुसरीने पाव आणि अर्धं दोन्ही जुळलं, फक्त थंडीसाठी जरा कमी वाटत होतं. तिथे लॉकखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर टाकला. साधारण अर्ध्या खाचेचं काम होतं त्याने.

कोणी म्हणेल, माझी पीयूसी पास आहे, म्हणजे सेटिंग बरोबर. पीयूसीचा पाइप आत जातो तेव्हा गाडी जागेवर सावकाश चालू असते. तिथे पायलट जेट आणि एअर स्क्रू बोलतात. सुईचा आवाज त्या मशीनपर्यंत जातच नाही.

मायलेज मेपेक्षा लिटरमागे चार-पाच किलोमीटरने कमी झालंय. चालेल. या डिसेंबरात सरळगाव ओलांडून माळशेजला गेलो, वर चहा घेतला, प्लग काढून बघितला. जरा गडद होता, घाटावर असणारच. पुढच्या भागात पायलट जेट आणि तो एअर स्क्रू, जो सगळे दीड फेरा म्हणून सोडून देतात.