कव्हराची मागची बाजू

हरमलच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे निघालेली पायवाट डोंगराला चिकटून वळते. डावीकडे खडकांवर लाटा आपटताहेत, उजवीकडे रंगीत कपड्यांची आणि शिंपल्यांच्या माळांची दुकानं ओळीनं उघडली आहेत. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार आहे. पाऊस सरून महिना झाला तरी काही शॅकवाले अजून बांबू बांधताहेत. वळण संपतं तिथं कालचचा लहानसा किनारा आहे आणि त्याच्या पाठीशी गोड्या पाण्याचं तळं. तळ्याला येऊन मिळणाऱ्या ओहोळाच्या काठानं आम्ही रानात शिरतो.

पुढे डिचोलीचे मास्तर आहेत. पंचाहत्तरीला टेकलेत, पण दगडांवरून पाय अचूक टाकतात. त्यांच्यामागे पणजीला कॉलेजात असलेली त्यांची नात. मग मांद्र्याचे भाऊ. ते मुलांना तबला शिकवतात आणि चतुर्थीत घुमट वाजवतात. शिवोलीचे बाब सगळ्यांत मागे आहेत. आयुष्यभर तियात्राच्या बॅण्डात त्यांनी बास गिटार वाजवली. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन 29 नोव्हेंबर 2001 रोजी गेला. त्या तारखेच्या आसपासच्या शनिवारी ही मंडळी दरवर्षी भेटतात, बीटल्स ऐकतात आणि भांडतात. मी यंदा पहिल्यांदाच आलो आहे.

रानात एक वड लागतो. पारंब्यांचे खांब झालेले, मुळांच्या बेचक्यात कुणीतरी लावलेल्या उदबत्तीचा वास. चार पर्यटकांना घेऊन एक पोरगा आमच्याआधी पोचला आहे. तो हिंदीत सांगतो आहे, "यहीं पे बैठते थे बीटल्स. चारों के चारों. ध्यान करते थे." पर्यटक माना डोलावतात. एक जण लगेच मांडी घालून डोळे मिटतो, दुसरा फोटो काढतो.

मास्तरांमधला शिक्षक जागा होतो. ते पाऊल पुढे टाकतात, तोच बाब त्यांचा दंड धरतात. "सोड रे मास्तर. त्या भुरग्याचें पोट चलता त्या काणयेर."

पोरगा पर्यटकांना घेऊन निघून जातो. मग मास्तर वडाला पाठ टेकून बोटं मोजायला लागतात. "जुलै 1966. मनिलाहून परतताना चौघं दिल्लीत उतरले, वाद्यं घेतली, गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात जॉर्ज मुंबईला आला, रविशंकरांकडे सतार शिकायला. जानेवारी 1968, पुन्हा जॉर्ज, पुन्हा मुंबई. त्यानंतर फेब्रुवारीत चौघंही ऋषिकेशला, महर्षी महेश योगींच्या आश्रमात. रिंगो दहा-बारा दिवसांत परतला, बाकीचे एप्रिलपर्यंत. आता सांगा, हरमल कुठे बसवू?"

"मग हे झाड?" मी विचारतो.

"झाड चांगलं आहे," मास्तर म्हणतात. "झाडाला बीटल्स लागत नाहीत."

किनाऱ्यावर परततो तेव्हा सूर्य टेकला आहे. वाळूत रोजचा ढोलांचा फेर जमला आहे. जेंबे, डफ, कुणाच्या हातात नुसता पाण्याचा कॅन. भाऊ क्षणभर थांबून ऐकतात. "लय पळते आहे," एवढंच बोलून चालू लागतात. मोपाच्या विमानतळाकडे उतरणारं विमान डोक्यावरून जातं. बाब वर पाहत म्हणतात, "हरमलाक आयले नात, आनी आतां विमानतळ पेडण्यांत आसा."

मांद्र्याला भाऊंच्या घरी पडवीत सतरंजी अंथरलेली आहे. एका कोपऱ्यात तबला-डग्गा, दुसऱ्या कोपऱ्यात खुंटीला टांगलेलं घुमट. त्याच्या तोंडावर बकरीचं कातडं आहे, कारण घोरपडीच्या कातड्याला आता बंदी आहे. 2019 साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, हे भाऊ दर नव्या पाहुण्याला सांगतात, मलाही सांगतात. वहिनी पातळभाजी, उंडे आणि मिरचीची भजी आणून ठेवतात. मास्तर पिशवीतून तबकडी काढतात. काळ्या रेघांतले चार चेहरे, केसांच्या गुंत्यात चिकटवलेले लहान लहान फोटो. 'रिव्हॉल्व्हर', ऑगस्ट 1966. बाबांचा थोरला भाऊ बोटीवर तारवटी होता, त्यानं ती लंडनहून आणली होती. बाबांच्या घरातून ती मास्तरांकडे कशी गेली, हा वाद अजून मिटलेला नाही.

"गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961ला," मास्तर सुई पुसत सांगतात. "यांची पहिली तबकडी आली 5 ऑक्टोबर 1962ला. म्हणजे पोर्तुगीज गेल्यावर साडेनऊ महिन्यांनी. आम्ही ते ऐकलं ते रेडिओ सिलोनवर, डिचोलीत, खरखरीतून. 1967 साली घराघरात विलीनीकरणाच्या ओपिनियन पोलचं भांडण, फूल की दोन पानं. आमच्या घरात त्याच्या जोडीला दुसरं, जॉन की पॉल."

"आणि तुम्ही?" नात विचारते. उत्तर तिला माहीत असणार.

"मी जॉर्जला मत दिलं. अनामत जप्त."

हशा ओसरतो आणि भांडण सुरू होतं. नात ठाम आहे. 'सार्जंट पेपर' उगाच डोक्यावर घेतला गेला, 'रिव्हॉल्व्हर' त्याहून मोठा. तिला या बॅण्डचा नाद लागला तो 2023च्या 'नाऊ अँड देन'मुळे, लेननच्या जुन्या कॅसेटमधला आवाज यंत्रानं वेगळा काढून केलेल्या त्या शेवटच्या गाण्यामुळे. तिथून ती मागे मागे गेली. मास्तर पुढे पुढे आले होते, म्हणून दोघांची गाठ मध्यावर पडते.

"पण आजोबा, एक सांगते. भारत म्हणजे यांना फोडणीतली मोहरी होती. तडतडली, वास सुटला, झालं."

मास्तर गप्प. भाऊंना मात्र हे अर्धंच पटतं. "1965च्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार म्हणजे खरंच मोहरी. खुद्द रविशंकरांना ती रुचली नव्हती. पण हे ऐक."

सुई टेकते. पहिल्या बाजूचं चौथं गाणं, 'लव्ह यू टू'. आधी नुसती सतार, तालाशिवाय, स्वर चाचपत उतरणारी. भाऊ बोट वर धरतात. "हा आलाप. याला घाई नाही. थांब." आणि तबला येतो. भाऊंचा उजवा हात सतरंजीवर आपोआप चालू लागतो, डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर सोळा मात्रा मोजतो. गाणं तीन मिनिटांचं आहे. शेवटाकडे लय वाढते, तबला सुटतो आणि नेमका तिथंच आवाज विरत जातो. भाऊ वैतागून हात झटकतात. "आता कुठे वाजवायला लागला होता, तर यांनी दार लावलं!"

"कोण वाजवतंय?" मी विचारतो.

नात कव्हर उलटते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत गाण्यांची यादी आहे. फोनचा उजेड पाडून ती वाचते. "अनिल भागवत. तबला."

"भागवत?" आतून वहिनींचा आवाज येतो. "म्हणजे आपलेच की."

भाऊ कव्हर हातात घेतात, चष्मा कपाळावरून खाली ओढतात. इतकी वर्षं त्यांनी हे गाणं ऐकलं आहे आणि कव्हर नेहमी मास्तरांच्या हातात राहिलं आहे. ते नाव पुन्हा एकदा मोठ्यानं वाचतात. मास्तर सांगतात, हे रेकॉर्डिंग एप्रिल 1966चं, लंडनच्या ॲबी रोडवरचं. एशियन म्युझिक सर्कल या तिथल्या संस्थेमार्फत वादक बोलावले होते. बाहेरच्या वादकाचं नाव कव्हरवर छापणं ही बीटल्सच्या बाबतीत दुर्मिळ गोष्ट.

"आणि 'पेपर'मधलं जॉर्जचं गाणं?" नात विचारते. "त्यात तर दिलरुबा आहे, तंबोरा आहे."

"कव्हरवर एकही नाव नाही. नटवर सोनी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा, अण्णा जोशी. ही नावं लोकांपुढे यायला कित्येक दशकं लागली."

बाब आतापर्यंत भजी खाण्यात दंग होते. ते हात पुसतात. "'एलेनॉर रिग्बी' लाव." गाणं लागतं. चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो. चौघांपैकी एकानंही त्यात वाद्य वाजवलेलं नाही. बाब मान हलवत ऐकतात आणि संपल्यावर कव्हर मागतात. बोट फिरवून आठ वादकांची नावं शोधतात. नाहीत.

"आमच्या लोकांचें हेंच जालें," ते म्हणतात. इगर्जीच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली गोव्याची पोरं मुंबईला गेली, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. शंकर-जयकिशनसाठी सेबॅस्टियन डिसोझा पानंच्या पानं लिहायचे, व्हायोलिनच्या कोणत्या ओळीनं कुठे शिरायचं ते ठरवायचे. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेटचा ट्रम्पेट. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर लोकांना नावानं माहीत झाले ते एका विनोदी गाण्यामुळे, त्यांच्या व्हायोलिनमुळे नव्हे. बाबांचा आवाज चढत नाही. ते नुसती यादी सांगतात आणि प्रत्येक नावावर सतरंजीवर बोट टेकवतात.

मुंबईचा विषय निघतो तसे मास्तर जानेवारी 1968वर येतात. हॅरिसननं तेव्हा मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत एका गाण्याचं सगळं वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित केलं. सरोदवर आशिष खाँ, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. लंडनला जाऊन वर आवाज चढवला आणि 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला ते गाणं निघालं, 'द इनर लाइट'. "बीटल्सचं म्हणून विकलं गेलेलं हे गाणं," मास्तर म्हणतात, "आणि त्यातलं एकूण एक वाद्य मुंबईत वाजलेलं."

"म्हणजे मोहरी नाही," नात हळूच म्हणते. "पातेलंच इथलं होतं."

"पण बोलावलं कुणी?" मास्तर विचारतात. "दहा कोटी पोरी ज्याच्या नावानं किंचाळताहेत, तो पोरगा मुंबईत येऊन जमिनीवर मांडी घालून बसतो, पाय दुखले तरी बसतो. ते श्रेय त्याचं." यावर कुणी भांडत नाही. बाब फक्त रिंगोची बाजू राखून ठेवतात. रिंगो डावखुरा, ड्रमची मांडणी उजव्या हाताची. म्हणून त्याचे तुकडे असे तिरपे येतात, ही काय थट्टा करायची गोष्ट आहे? भाऊ खुंटीवरचं घुमट काढून उलट्या हातानं वाजवून पाहतात आणि रिंगोला एक गुण वाढवून देतात.

साडेअकरा वाजतात. देवळाकडून कर्णा सुरू होतो. आज तिथं दशावतार आहे, पेटीच्या सुराशी पखवाज जुळवला जातो आहे. निवेदक आधी देवाचं नाव घेतो, मग कलाकारांची नावं पुकारतो. हार्मोनियम कोण, पखवाज कोण, झांजेवर तालरक्षक कोण, गावासकट. राजा आणि राक्षस अजून रंग लावत असतील.

भाऊ कान देऊन ऐकतात. मग एक जुनी वही उघडतात, ज्यात ते शिष्यांसाठी कायदे आणि तुकडे लिहून ठेवतात, आणि शेवटच्या पानावर लिहितात: अनिल भागवत, तबला, 1966.

ज्या झाडाखाली ते चौघं कधी बसले नाहीत तिथं त्यांचं नाव रोज घेतलं जातं, आणि जे त्यांच्यासोबत खरोखर बसून वाजवून गेले त्यांची नावं शोधावी लागतात. तुमच्याही माळ्यावर एखादी जुनी तबकडी पडून असेल, बीटल्सचीच असायला हवी असं नाही. खाली काढा, धूळ पुसा आणि ऐकण्याआधी कव्हर उलटून मागची बाजू वाचा. अक्षर बारीक असतं. चष्मा लावा.